कापसाच्या खोलीतली बाटली

मी एक बाटली आहे. हिरव्या काचेची, जाड बुडाची, लांब मानेची. अकोल्याच्या जठारपेठेत एक शाळा आहे, तिच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात दुसऱ्या फळीवर मी उभी असते. माझ्या पोटावर कागद चिकटवलाय आणि त्यावर निळ्या शाईने लिहिलंय, 'जवस तेल'. शेजारी चुन्याच्या निवळीची बाटली आहे. तिच्याशी माझं फारसं जमत नाही, जरा कुणाचा श्वास लागला की ती पांढरीफटक पडते.

मला नाक नाही. पण जन्मभर मी वासच पोटात घेऊन बसले, त्यामुळे वासांतलं मला माणसांपेक्षा जास्त कळतं. तोंड मात्र असून नसल्यासारखं. त्यात बूच. एकदा, फक्त एकदाच, मला बोलता यायला हवं होतं. तेवढ्या एका दुपारसाठी मी ही सगळी हकिगत सांगतेय.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. भट्टीत वितळलेली काच एका माणसाने नळीच्या टोकावर घेतली, गाल फुगवून फुंकर मारली आणि मी झाले. त्याचा श्वास माझ्या पोटात कुठेतरी राहिला असणार असं मी आपलं मानते. माणसांची मला जी ओढ आहे ती बहुधा तिथूनच आली.

माझ्यात द्राक्षांची फिकट सोनेरी दारू भरली गेली. बोटीने मुंबई, तिथून थोडी आगगाडी, मग गवतात गुंडाळून बैलगाडीने अमरावती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून विलायतेचे लोक वऱ्हाडात येऊन पोचले होते. माझा पहिला मालक त्यातलाच एक कापूसवाला साहेब. टेबलावर कापसाचे पुंजके मांडायचा, दोन अंगठ्यांत धागा धरून ताणायचा आणि नाक मुरडायचा. वऱ्हाडचा धागा आखूड, अशी त्याची तक्रार. घ्यायचा मात्र सगळाच.

एका संध्याकाळी त्याने माझ्यातली अर्धी दारू प्यायली, बूच अर्धवट दाबलं आणि दुसऱ्या दिवशी खामगावच्या बाजाराला गेला तो तीन आठवडे तिकडेच. उन्हाळा वऱ्हाडचा. त्या फटीतून हवा हळूहळू आत येत राहिली आणि माझ्या पोटात काहीतरी फिरू लागलं. दारू तर राहिली नव्हती आणि सिरका अजून झाला नव्हता. मधेच एक तिसराच वास आला, कापून उघड्यावर ठेवलेल्या फळाचा, नाकाच्या शेंड्याला टोचणारा. हा कोण पाहुणा, मला कळेना. पुढे आणखी काही दिवसांनी तो गेला आणि आंबट सिरका तेवढा उरला. साहेबाने परत आल्यावर एक घोट घेतला, चूळ भरावी तसा व्हरांड्याबाहेर फेकला आणि बिचाऱ्या खानसाम्याला शिव्या घातल्या. कारण कोण, तर हवा! पण हवेला शिव्या कोण घालतो?

खानसाम्याने मला धुऊन बाजारात विकलं. घेतलं कनौजकडच्या एका गंध्याने. अत्तराच्या कुप्या, फुलेलाचे, म्हणजे सुगंधी तेलाचे, बुधले आणि लाकडी पेटी असा त्याचा संसार. माझ्यात त्याने दालचिनीचं तेल भरलं. बूच निघालं की मला पुन्हा तोच टोचरा पाहुणा आठवायचा. तसाच नव्हे, पण त्याच घरातला वाटायचा. हा खानदानी होता एवढाच फरक. गंधी त्याचा एक थेंब मोठ्या अत्तरात टाकायचा आणि बसलेलं अत्तर उठून उभं राहायचं. दोन थेंब पडले की सगळं वाया. म्हणून तो थेंब टाकताना श्वास रोखायचा आणि मीही रोखायचे.

त्या साली वऱ्हाडात पैशाचा पूर आलेला. ज्याच्या शेतात चार बोंडं फुटली तो कानात अत्तराचा फाया घालून हिंडत होता. पण फाया कापसाचा, आणि कापूस तर असा कडाडलेला! गंधी हसून गिऱ्हाइकाला म्हणायचा, "इत्र ले जाओ साहब, रुई वापस कर देना."

ह्या गंध्याची एक सवय मी तुम्हाला मुद्दाम सांगते. आठवड्यातून एकदा तो आपल्या लाकडी पेटीला जवसाचं तेल लावायचा. तेल पुसलेला कापसाचा बोळा मात्र कधी कोपऱ्यात टाकायचा नाही. तो पसरून, भिंतीवरच्या खुंटीला वाऱ्यावर टांगायचा. एकदा शेजारच्या दुकानदाराने विचारलं, एवढ्या बोळ्याचे एवढे लाड कशाला?

"तेल पी हुई रुई को दबाकर मत रखना, भाई," गंधी म्हणाला. "दबी रही तो अंदर से गरमाती है. हमारे उस्ताद की पूरी गठरी ऐसे ही जली थी. न चिराग था पास, न चूल्हा."

दुकानदार हसला. मी मात्र ते काचेवर कोरून ठेवावं तसं ठेवलं. माझा काही उपयोग झाला नाही, ती गोष्ट वेगळी.

बाळापूरच्या बाजाराला गंधी जायचा तेव्हा शालिकराम नावाचा एक माळी त्याला मोगरा आणून द्यायचा. मन नदीच्या काठी त्याचं गाव. अंगाने वाळका, बोलायला कमी, पण नाक असं की डोळे मिटून फूल हुंगलं तरी ते पहाटे तोडलं की उन्हं चढल्यावर, हे सांगायचा. गंध्याला त्याचं फार कौतुक. परत आपल्या मुलखाला जायची वेळ आली तेव्हा त्याने मला रिकामं केलं आणि शालिकरामच्या हातात दिलं.

"तेरी नाक अच्छी है, बोतल भी अच्छी रख," म्हणाला आणि गेला. पुन्हा काही तो दिसला नाही.

शालिकरामची बायको पार्बताबाई. तिने मला राखेने घासलं, उन्हात पालथं घातलं आणि तेल्याच्या घाण्यावरून जवसाचं तेल भरून आणलं. तरी दालचिनी काही जाईना. पहिल्या दिवशी चटणीवर तेल घातलं तर शालिकरामने घास तोंडाजवळ नेऊन थांबवला.

"आज गंध्याच्या घरी जेवून राहिलो का काय?"

"खा मुकाट्यानं," पार्बताबाई म्हणाली. "नाक हाय का चाळनी? सारं त्यातच अडकते."

त्या घरातले पहिले पाच-सहा महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे. दोन माणसं, एक चूल, दाराशी मोगऱ्याची ओळ. पूर्वी तिथे दहा ओळी होत्या म्हणे, शिवाय शेवंती आणि वांगी. पण जमिनीचे मालक खुशालराव पाटील. कापसाचा भाव चढला तसं त्यांनी सांगितलं, फुलं उपटा, कापूस लावा. एक ओळ तेवढी शालिकरामने मागून घेतली, पाटलांच्या देवघरात रोज एक हार पोचवायच्या बोलीवर.

खुशालराव काही वाईट माणूस नव्हता. मोठ्याने बोलायचा, मोठ्याने हसायचा, गावजेवण घालताना तुपाचा हात आखडायचा नाही. पण त्या साली कापसाने सगळ्यांचंच डोकं फिरवलं होतं. त्याच्या घरात माणसांना बसायला जागा नव्हती. ओसरीवर कापूस, माडीवर कापूस, गोठ्याच्या शेजारच्या लांब खोलीत तर आढ्यापर्यंत कापूस. गावातल्या बायका तिथे बसून रेचे फिरवायच्या. रेचा म्हणजे दोन लाटण्यांची लाकडी चरखी, एका बाजूने कापूस घातला की सरकी अलीकडे पडते आणि रुई पलीकडे. खुशालरावाची बायको गोदाबाई सगळ्यांवर नजर ठेवून असायची. संध्याकाळी बायका घरी निघाल्या की त्यांच्या लुगड्याला, केसांना चिकटलेली रुईसुद्धा ती वेचून घ्यायची. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, सगळ्याच घरी तेच चाललं होतं.

पार्बताबाई तिथे रेच्यावर बसायची. रेच्याचा कणा कुरकुरायला लागला की त्यात तेल सोडावं लागतं, म्हणून ती मला बरोबर न्यायची. खोलीच्या कोनाड्यात माझी जागा ठरून गेली.

चैताचा महिना होता. सकाळी पार्बताबाईने कण्यात तेल सोडलं आणि मला खाली जमिनीवर ठेवलं. तेवढ्यात गोदाबाई कवळाभर कापूस घेऊन आत आली. कवळ्यापुढे तिला पायाखालचं दिसेना. तिचा पाय लागला आणि मी आडवी झाले. काच जाड म्हणून फुटले नाही, पण अर्धं तेल भळभळा सारवलेल्या जमिनीवर गेलं.

पार्बताबाई घाबरली. फडकं शोधायला वेळ कुठला, तिने शेजारची रुई ओंजळी-ओंजळीने घेऊन तेल टिपलं. चांगला मोठा ओला बोळा झाला. तो घेऊन ती दाराकडे निघाली.

"काय घेऊन चालली वं?" गोदाबाईने विचारलं.

"तेल पुसलं, बाई. चुलीत टाकाले नेऊन राहिली."

"चुलीत? सोनं चुलीत टाकते काय? आन इकडं." गोदाबाईने बोळा बघितला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खुपस त्या गंजीत. खोल खुपस. गठ्ठ्यात गेल्यावर कोनाले दिसते?"

दुसऱ्या कुठल्या वर्षी तो बोळा चुलीतच गेला असता. फार तर दिव्याच्या वाती झाल्या असत्या त्याच्या. त्या वर्षी मात्र वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईला चिमूटभर रुई टाकवत नव्हती. पार्बताबाईने खांद्यापर्यंत हात घालून तो बोळा रुईच्या गंजीत खुपसला. वर आणखी कापूस पडला. मग दोन गडी आले आणि गंज बसावी म्हणून त्यावर नाचून गेले.

पार्बताबाईने मला उचलून पुसलं आणि कोनाड्यात ठेवलं. मला गंध्याची खुंटी आठवत होती. दबी रही तो गरमाती है. मी काय करणार होते? कोनाड्यातून स्वतःहून पडताही येत नाही मला.

दुपारी बायका जेवायला लिंबाखाली गेल्या. खोलीत मी, रेचे आणि ती गंज. बराच वेळ काहीच नव्हतं. मग तो आला, तोच पाहुणा. साहेबाच्या दारूत आलेला, गंध्याच्या तेलात भेटलेला, पण आता अगदी वेगळ्या अंगाने. कडवट, उग्र, घशात उतरणारा. गंजीच्या पोटात त्या बोळ्यावरचं तेल फिरत होतं. आत होती नव्हती तेवढी हवा ते पीत होतं आणि तापत होतं. वर एवढा कापूस दाबलेला की ती ऊब बाहेर पडायलाही वाट नाही.

बायका परत आल्या. पार्बताबाईने पदर नाकाला लावला.

"कायचा वास येऊन राहिला वो, बाई?"

"सरकीचा," गोदाबाई म्हणाली. "ऊन केवढं तापलं! तुमी आज माडीवर बसा, तिथं वारा हाय."

रेचे उचलून सगळ्या माडीवर गेल्या. मला कोणी उचललं नाही.

तिसऱ्या प्रहरी शालिकराम हार घेऊन आला. कोनाड्यातून मला अंगणाचं दार सरळ दिसत होतं, म्हणून मी जे सांगते ते पाहिलेलं सांगते. दाराशी एक दगड होता. शालिकराम नेहमीसारखा तिथे थांबला, चिलीम दगडावर उलटी करून झाडली. राख पडली. मग त्याने चिलमीच्या तोंडात अंगठा घालून दाबला, चांगला फिरवला आणि अंगठ्याला लागलेली राख धोतराला पुसली. त्याचा अंगठा भाजला नाही. रिकामी चिलीम हातात घेऊन तो आत निघाला.

अर्ध्या अंगणात तो थबकला. मान वर केली. नाकपुड्या हलल्या.

हार तुळशीपाशी ठेवून तो कापसाच्या खोलीत आला. "कोन हाय इथं? कायचा वास हाय हा?" कोणी नव्हतंच. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मी दिसले, मला उचललं. बूच काढून हुंगलं आणि मान हलवली. "हे नाई. हे तं ताजं हाय."

मला डाव्या हातात तसंच धरून तो गंजीभोवती फिरला, वाकून, एका जागी थांबून, पुन्हा मागे येऊन. बरोबर त्या जागेपाशी आला. किती शहाणं नाक होतं त्याचं! चिलीम कनवटीला खोचून त्याने उजवा हात गंजीत घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. मग, आत काय तापलंय ते पाहावं म्हणून, त्याने वरचा कापूस ओढून बाजूला केला.

नको, नको, असं मी काचेच्या कणाकणातून ओरडत होते. आतली आग तेवढ्या एका श्वासासाठीच खोळंबली होती. हवा आत गेली आणि त्याच्या तोंडासमोर भडका उठला.

शालिकराम ओरडत बाहेर पळाला. "आग लागली वो! पानी आना! गोठा सोडा!" त्यानेच आधी गोठ्यात घुसून दावी कापली, बैल बाहेर हाकलले. उजव्या हाताची कातडी लोंबत होती. डाव्या हातात मी होते आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं. माणसं विहिरीपासून रांग करून पाणी ओतत होती, पण कापसाची आग वरून विझते आणि आतून जळत राहते. दिवस मावळेपर्यंत त्या खोलीत राखेशिवाय काही उरलं नाही. माणूस कोणी दगावलं नाही, जनावर दगावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. पाराच्या कडेवर दोन वस्तू मांडल्या होत्या. एक चिलीम आणि एक मी.

"आगीच्या वक्ती खोलीत कोन होतं?" खुशालरावाने विचारलं. त्याचे डोळे धुराने आणि न झोपल्याने लाल होते.

"मी होतो, पाटील."

"हे चिलीम तुहीच नं?"

"माहीच. पन विझेल होती."

"विझेल चिलीम घेऊन मानूस कापसात कायले जाते?"

"वास आला म्हून गेलो."

"कायचा वास?"

शालिकरामला सांगता येईना. त्याच्या नाकाला तो कळला होता, पण त्याला नाव नव्हतं. "तेलाचा," तो म्हणाला. "म्हंजे तेलाचा बी नाई. तेल बिघडलं का येते तसा."

लोक माझ्याकडे पाहू लागले. कनवटीला चिलीम, हातात तेलाची बाटली! मला तेव्हा कळलं की मी त्याच्याविरुद्धची साक्षीदार म्हणून तिथे बसले आहे. ज्याने मला जपलं त्याच्याविरुद्ध! फुटून त्या पारावर माझे शंभर तुकडे झाले असते तरी मला चाललं असतं.

पार्बताबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. डोईवरचा पदर सावरून म्हणाली, "पाटील, सकाळी तेल सांडलं होतं. म्या रुईनं पुसलं अन् तो बोया गंजीत घातला. त्याच्यानं तं काई झालं नसंन?"

ती खरं बोलली. भर गावात, सगळ्यांसमोर, अगदी नेमकं कारण बोलली. गोदाबाईने मान खाली घातली, पण तिनेही ते नाकारलं नाही.

खुशालराव म्हणाला, "मान्य हाय. सांडलं असंन तेल. पन तेलाले इस्तो कोन दाखवला? तेल का आपल्या आपुन पेटते, पार्बताबाई? तुह्या घरी दिवा आपल्या आपुन लागते काय?"

कोणीतरी हसलं. ह्याचं उत्तर गावात कोणाकडेच नव्हतं. ज्याच्याकडे होतं तो गंधी शेकडो कोस दूर आणि मी हातभर अंतरावर.

शालिकरामला शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं असं मला पुढे पुष्कळदा वाटलं. त्याने बैल वाचवले होते, हात जाळून घेतला होता. खुशालराव त्याला म्हणाला, "मुद्दाम नाई केलं तुनं, मले मालूम हाय. झालं ते झालं. पन आजपासून कापसाजोळ येऊ नको, शालिकराम." म्हणजे गावाने त्याला माफ केलं. न केलेल्या गुन्ह्याची माफी त्या माणसाच्या पदरात घातली आणि ती परत करायची सोय नव्हती.

वऱ्हाडात कापसाजवळ जायचं नाही म्हणजे जायचं कुठे? वेचणीला त्याला कोणी बोलवेना. गाडी भरताना तो रस्त्याने दिसला तर लोक हसत म्हणायचे, "चिलम्या आला, रुई झाका." चेष्टाच ती, पण रोजची. देवघराचा हार तो तसाच पोचवत राहिला. गोदाबाई आता तो दारातूनच घ्यायची आणि त्याच्याकडे बघायची नाही.

पहिलं वर्षभर तो विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगायचा, "चिलीम विझेल होती. म्या अंगठा दाबून पाह्यला होता." मग विचारणारे संपले. पुढच्या उन्हाळ्यात एकदा जेवताना तो पार्बताबाईला म्हणाला, "विझेलच होती वाटते." मी कोनाड्यात होते. ते 'वाटते' ऐकून माझ्यात असतं तर रक्त गोठलं असतं.

"वाटते काहून म्हनता?" पार्बताबाई म्हणाली. "होतीच विझेल."

"तुनं पाह्यली?"

ती काय सांगणार? पाहिली मी होती.

तिकडे अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव धाडकन खाली आला. ज्या रुईसाठी केस झाडून घेत होते ती कोणी विचारेना. खुशालरावाच्या घरी माणसांना बसायला पुन्हा जागा झाली. लोक आग विसरले. मोगऱ्याच्या पुन्हा चार ओळी झाल्या. पण शालिकरामच्या डोक्यातून ती दुपार जाईना. म्हातारपणी, डोळ्यांना कमी दिसायला लागल्यावर, त्याने एक दिवस आपल्या मुलाला जवळ बसवलं.

"राह्यली असंन एखांदी ठिनगी," तो म्हणाला. "एवढे लोक खोटं थोडीच बोलतीन. आपल्या हातून झालं, लेका. याच्यापुढं आपल्या घरात चिलीम नाई. अन् कोनाच्या बी कापसाजोळ गेला तं पयले कनवटी झाडून दाखोजो."

पार्बताबाई चुलीपाशी बसून रडत होती. ती एकटीच शेवटपर्यंत त्याच्या बाजूने होती, त्याच्या स्वतःच्याही विरुद्ध.

पुढचं थोडक्यात सांगते. आगीतून वाचलेली म्हणून पार्बताबाईने मला टाकलं नाही आणि तिच्या सुनांनीही टाकलं नाही. माझ्यात मध राहिला, रॉकेल राहिलं, काशीहून आणलेलं पाणी राहिलं. मुलाच्या मुलाला शाळेत घातलं तेव्हा मास्तरने आडनाव विचारलं. गावात ज्या नावाने ओळखतात तेच पोराने सांगितलं, आणि हजेरीच्या पटावर 'चिलमे' असं उतरलं. कनवटी जाऊन खिसे आले. त्या घरातले पुरुष कापसाच्या गाडीजवळ गेले की खिसे उलटे करून दाखवायचे. मग बायकाही दाखवू लागल्या. कशासाठी हे हळूहळू धूसर होत गेलं, पण रीत राहिली.

मागच्या पावसाळ्यानंतर शाळेतल्या ओमप्रकाश सरांनी मुलांना घरातल्या जुन्या बाटल्या आणायला सांगितल्या. त्याच घरातली, आता अकोल्यात राहणारी जमुना चिलमे नावाची मुलगी मला दप्तरात घालून घेऊन आली. सरांनी माझ्यात पुन्हा जवसाचं तेल भरलं आणि अशी मी ह्या कपाटात आले.

परवा सरांनी मला खाली काढलं. म्हणाले, आज गंमत दाखवतो. माझ्यातलं तेल त्यांनी वाटीत ओतलं आणि जमुनेला म्हणाले, "तो कापूस आण बरं टेबलावरचा."

जमुना टेबलापाशी गेली. कापसाला हात लावायच्या आधी तिने फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे करून झाडले. एका खिशातून पेन्सिलीचा तुकडा पडला. वर्ग हसला.

"हे काय गं?" सरांनी विचारलं.

"आमच्या घरची पद्धत आहे, सर. आमच्या कोण्या आजोबांच्या चिलमीनं कापसाले आग लागली होती. लय जुनी गोष्ट हाय."

"बरं, बरं. सावध असलेलं चांगलंच," सर म्हणाले आणि कापूस तेलात भिजवू लागले.

त्यांनी तो पिळला, कोरड्या कापसात गुंडाळून डब्यात गच्च दाबला आणि डबा खिडकीतल्या उन्हात ठेवला. तापमापक त्यात खुपसलं. सकाळी हे केलं, दुपारच्या तासाला सगळे पुन्हा जमले. पारा चढत होता. आणि वास आला. तोच! इतक्या वर्षांनी तोच, कडवट आणि उग्र.

"ह्या वासाला नाव आहे," सर म्हणाले. "तेल हवेतला प्राणवायू घेतं तेव्हा अल्डिहाइड तयार होतात. दारूचा सिरका होताना मधे अल्डिहाइडच होतं. दालचिनीचा वासही अल्डिहाइडचाच, महागड्या अत्तरांतही तेच घराणं. इथे मात्र तेलाच्या ह्या फिरण्यातून उष्णता निघते, दाबलेल्या कापसातून ती बाहेर पडत नाही, आणि शेवटी कापूस आपोआप पेटतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. पेटायच्या आधी हा वास येतो. नाक चांगलं असलेला माणूस जवळ असेल तर त्याला आधी कळतं."

डब्यातून धुराची बारीक रेघ निघाली. सरांनी चिमट्याने डबा उचलून पाण्याच्या बादलीत बुडवला. चुर्र झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी जमुनेकडे बघत होते. ती पहिल्या बाकावर बसली होती, नाक किंचित वर करून. नाकपुड्या हलत होत्या. अगदी तशाच. तिने हात वर केला, "सर, मंग..." आणि घंटा झाली. पोरं उठली. सरांनी फळा पुसला. जमुनेने हात खाली घेतला, दप्तर भरलं आणि मैत्रिणीबरोबर निघून गेली. ती काय विचारणार होती मला कळलं नाही. कदाचित दुसरंच काही असेल.

सरांनी मला बूच लावून परत फळीवर ठेवलं. तेव्हापासून मी इथेच आहे. माझ्या तळाशी दोन बोटं तेल उरलंय.

तुम्ही एवढं सगळं ऐकून घेतलंत. तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. जठारपेठेत ही शाळा सुटते त्या वेळेला दाराशी उभे राहा. दोन वेण्या घातलेली, चालता चालता वाऱ्याचा वास घेणारी एक मुलगी दिसेल. तिला थांबवा आणि एवढंच सांगा, की मी कोनाड्यातून पाहिलंय. शालिकरामने अंगठा दाबला होता. चिलीम विझलेली होती.